खंडागळे सर आणि खमिराचा ताप

मागच्या महिन्यात उपकरणं विकणारा एक तरुण आमच्या विभागात आला होता. टाय, टॅब, हसू, सगळं जागच्या जागी. ‘‘मॅडम, आमचा सेन्सर अगदी अचूक तापमान सांगतो,’’ तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, ‘‘कुणाचं?’’

तो बावरला. ‘‘कुणाचं म्हणजे... ज्यात बुडवाल त्याचं.’’

‘‘नाही. तो स्वतःचं सांगतो. त्याचं आणि ज्यात बुडवलंय त्याचं एकच असेल, अशी आपण आशा करतो.’’

त्यानं टॅब मिटून पिशवीत घातला आणि पाणी मागितलं. मला त्याची दया आली. हे वाक्य माझं नव्हतंच. हा रोग मला खंडागळे सरांकडून लागलेला आहे.

प्रभाकर खंडागळे आमच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे, मी रसायनशास्त्र शिकवते. इमारत एक, मजले वेगळे, आणि भांडणाचा विषय कायमचा ठरलेला: नळाचं पाणी आधी कुणाच्या मजल्यावर येतं. सर मूळचे वैजापूरचे. राहायला उस्मानपुऱ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पुढं. निवृत्तीनंतर सगळं आटोपून ते वैजापूरला परत गेले आणि मागच्या वर्षी तिथंच वारले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी फोनवर हे सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, ‘‘हात लावून बघितला तर अंग गार लागलं. आणि मनात पहिलं काय आलं सांगू? आत्ता हे असते तर म्हणाले असते, नुसतं गार म्हणू नको, किती ते सांग.’’ मग आम्ही दोघी फोनवर हसलो. अशा वेळी हसू नये म्हणतात, पण त्या माणसाबद्दल बोलताना दुसरं काही जमतच नसे.

सर चहाला कधी ‘गरम’ म्हणाले नाहीत. कँटीनचे गफारभाई कप ठेवत म्हणायचे, ‘‘सर, एकदम गरम है.’’ त्यावर सरांचा प्रश्न ठरलेला, ‘‘कहाँ गरम है? ऊपर, नीचे, के किनारे पे?’’ मग शर्टाच्या खिशातून तापमान मोजायची केसासारखी बारीक तार निघायची, ती एका डबीला जोडलेली. तार कपात वर धरायची, मध्ये धरायची, तळाला टेकवायची, आणि तिन्ही आकडे मोठ्यानं सांगायचे. तोवर चहा सगळीकडून सारखाच थंड झालेला असायचा. तो सर मिटक्या मारत प्यायचे. गफारभाई एकदा मला म्हणाले, ‘‘मॅडम, सर चाय नहीं पीते. चाय का पोस्टमॉर्टम करते.’’

घरी हाच प्रकार बादलीत. शालिनीताई सांगायच्या, हिवाळ्यात बंब पेटवून पाणी काढून द्यावं, तर हे उकिडवे बसून बादलीत तार सोडणार. वरचं पाणी कढत, खालचं कोमट, मध्ये कुठं सीमा आहे ते शोधायचं. ‘‘अहो, तांब्यानं ढवळा आणि आंघोळ करा!’’ त्या बाहेरून ओरडत. आतून उत्तर यायचं, ‘‘ढवळलं की पुरावा जातो.’’

त्यांची प्रयोगशाळा वर्षभर एकाच तापमानाला ठेवलेली असे, आणि ते तापमान माणसांसाठी ठरवलेलं नव्हतं. भर मे महिन्यात सर आत हातविणीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून बसत. वाईट एवढंच की बाहेर पडताना ते काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. आमच्या गावातलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन, आणि त्यातून माकडटोपी घालून स्कूटरवर चाललेले खंडागळे सर! सिग्नलला लोक आपुलकीनं विचारायचे, ‘‘काका, तब्येत बरी नाही का?’’ सर गांभीर्यानं सांगायचे, ‘‘नाय, तब्येत बरी आहे. ऊन आहे जरा.’’

मला एकदा खरंच ताप आला. रजा कळवायला फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘‘काखेतला का जिभेखालचा?’’ मी फोन ठेवून दिला. संध्याकाळी सर मोसंबी घेऊन घरी आले, मोसंबी माझ्या हातात दिली आणि दारातच विचारलं, ‘‘सांगितलं नाय तुम्ही, कुठला?’’

आता कामाचं सांगते. सरांचं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं: थेंबाच्या आत, जिथं कुठलाही थर्मामीटर शिरू शकत नाही, तिथलं तापमान कसं मोजायचं? साधा थर्मामीटर थेंबात घालणं म्हणजे वाटीत हत्ती बसवून वाटीतल्या पाण्याची पातळी मोजण्यासारखं. म्हणून ते मोजायला कण वापरत. हे कण इतके बारीक की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत हजार-दोन हजार ओळीनं बसतील. कण करायचं काम माझ्याकडं असे. दुर्मिळ धातूंचे क्षार मिसळायचे, बंद भांड्यात तापवायचे, धुवायचे, पुन्हा धुवायचे. सर याला ‘मॅडमचा स्वयंपाक’ म्हणत.

‘‘मी डॉक्टरेट केलीय, स्वयंपाकीण नाही,’’ मी म्हणायची.

‘‘म्हणून तर कधीमधी करपतं,’’ सर म्हणायचे.

हे कण पाण्यात सोडून त्यांच्यावर तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर टाकला की ते हिरवे चमकतात. त्या हिरव्यात दोन छटा असतात. ऊब वाढली की एक छटा दुसरीच्या मानानं जोर धरते. दोन्हींचं प्रमाण काढलं की कणाजवळ किती ऊब आहे ते कळतं. तार नाही, स्पर्श नाही, नुसता उजेड वाचायचा. बी.एस्सी.च्या पोरांना सर हे असं समजावून देत: ‘‘दोन मजली घर आहे. रात्री सगळे खालच्या मजल्यावर झोपलेत. उकडायला लागलं की एकेक जण गादी घेऊन गच्चीवर जातो. बाहेरून तुम्हाला उकाडा मोजता येत नाय, पण गच्चीवर किती आणि खाली किती, हे मोजता येतं ना? झालं तर मग.’’ पोरांना हे पटकन समजायचं. आमच्याकडं गच्चीवर न झोपलेला पोरगा सापडणं कठीण.

तबस्सुम शेख ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. सिल्लोडची. वडील मक्याचे आडते. ती बुटकी, तुरुतुरु चालणारी, आणि सरांना उलट बोलू शकणारी एकमेव व्यक्ती. तिचा विषय होता जिवंत पेशीजवळची ऊब. सरांनी त्यासाठी यीस्ट निवडलं, आणि यीस्ट कुठलं? तर शहागंजातल्या नानवाल्याच्या भट्टीतलं. प्रयोगशाळेचं यीस्ट कपाटात हजर असताना!

‘‘ते शिकलेलं यीस्ट आहे मॅडम,’’ सर म्हणाले. ‘‘आपल्याला कष्टकरी पाहिजे.’’

मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. भट्टीवाले चाचा पिठाचा गोळा थापत होते. सरांनी खमिराची, म्हणजे यीस्टनं आंबलेल्या पिठाची, वाटी उचलून आधी तार खुपसली.

‘‘क्या सर, अब खमीर कू बी बुखार आया क्या?’’ चाचा म्हणाले.

‘‘हौ, वोइच देखना है.’’

‘‘तो इंजेक्शन मारो, मगर नक्को मारना सब कू. शाम कू नान लगाना है मेरेकू.’’

सर येताना नेहमी एक डझन नान विकत घ्यायचे, पैसे द्यायचे, आणि खमीर फुकट आणल्याबद्दल स्वतःवर खूश व्हायचे.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष लागलं आणि तबस्सुमचा प्रबंध अजून लिहून व्हायचा होता. तिला घाई होती. सिल्लोडच्या एका महाविद्यालयात जागा निघणार होती आणि तिला पीएचडी हवी होती. सर निवृत्त झाले तर मार्गदर्शक कोण, हाही प्रश्न. अशा वेळी नेमका तो आकडा आला. जिवंत यीस्टला चिकटलेले कण सांगत होते की पेशीजवळची ऊब दूरच्या पाण्यापेक्षा चार अंशांनी जास्त आहे.

चार अंश! एवढ्याशा जिवाजवळ! सर माझ्या खोलीत आले ते दार न वाजवता.

‘‘मॅडम, खमिराला ताप आहे!’’

‘‘सर, गणितात हे बसत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘एवढीशी पेशी, भोवती एवढं पाणी. ऊब टिकेल कशी?’’

‘‘गणिताला कधी ताप आला होता का?’’

आयुष्यभर चहाच्या कपावर संशय घेणारा माणूस, आणि हा आकडा मात्र त्यांनी तसाच्या तसा मांडीवर घेतला, नातवासारखा. उकळून मारलेल्या यीस्टवर, जिथं ताप दिसायलाच नको, हेच मोजून बघायचं बाकी होतं. ‘‘ते करू की शेवटी, एक दिवसाचं काम आहे,’’ असं म्हणून ते मागं पडलं. विभागप्रमुखांनी निरोपसमारंभाला सरांचं भाषण ठरवलं, स्थानिक वर्तमानपत्रांना कळवलं. तबस्सुम प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला बसली.

समारंभाच्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली. आत येईना.

‘‘काय गं?’’

‘‘मॅडम, मेलेल्यालाही ताप आहे.’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुर्ची सरकवून तिला बसवलं. तिनं खमीर चांगलं खळाखळा उकळून मारलं होतं. एकही पेशी जिवंत नव्हती. आणि तरी तेच चार अंश. मुडदा आणि ताप! मग तिनं सरांनीच शिकवलेलं केलं. दुसरं काहीही न बदलता लेझर मंद केला. ताप उतरला. अजून मंद केला, अजून उतरला.

कारण सरळ होतं. पेशीवर कण थोडे चिकटत, म्हणून तिथला उजेड फिका यायचा, आणि तो नीट दिसावा म्हणून सर आणि ती तिथं लेझरचा जोर वाढवायची खुंटी पिळत. दूरच्या पाण्यात कण भरपूर, तिथं कमी लेझर पुरे व्हायचा. आणि हा लेझर अशा जातीचा की पाणी त्याला थोडंसं पितं आणि तापतं. म्हणजे ताप बघायला ते जो दिवा जवळ नेत होते, त्या दिव्यानंच ताप येत होता.

‘‘सरांना कधी सांगू?’’ तिनं विचारलं. ‘‘समारंभानंतर?’’

‘‘आज.’’

‘‘ते लई नाराज होतील मॅडम. आणि माझी जागा... प्रबंधच राहत नाही मग.’’

‘‘नाराज होतील. प्रबंध राहत नाही. आता ऊठ.’’

मी दारापाशी उभी राहिले, आत तिनं सांगितलं. सरांनी ‘‘दाखव’’ एवढंच म्हटलं. मग खुंटी स्वतःच्या हातात घेतली. वाढवली, पडद्यावरचा आकडा चढला. कमी केली, उतरला. पुन्हा वाढवली. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तसे ते बराच वेळ ती खुंटी फिरवत बसले. मग उठले आणि स्वेटर काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना स्वेटर काढायची आठवण झालेली मी तेव्हाच पाहिली. आणि ते घरी गेले.

पुढं दोन दिवस आले नाहीत. शालिनीताईंचा फोन आला, ‘‘अहो, हे आंघोळीचं पाणी ढवळून घ्यायला लागलेत. या बाई तुम्ही.’’

मी गेले. सर बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले होते.

‘‘माझं जाऊ द्या,’’ ते म्हणाले. ‘‘माझं काय, हार घालून घरी बसवणार होते, तसंच बसवतील. पोरीची वर्षं गेली मॅडम. त्या आकड्यावर तिचं सगळं उभं होतं, आणि तो आकडा मी तिच्या गळ्यात घातला. ती दोनदा म्हणाली होती, सर, आधी मेलेलं बघू. मीच नको म्हटलं.’’

‘‘झालं बोलून?’’ मी म्हटलं. ‘‘मी नियम बघून आलेय. विद्यापीठातला कुणी सहमार्गदर्शक म्हणून सही करायला तयार असेल, तर निवृत्तीनंतरही तुम्हाला तिला मार्गदर्शन करता येतं. मी सही करते. खोली मात्र मिळणार नाही.’’

‘‘विषय काय मार्गदर्शनाचा? विषय तर मेला.’’

‘‘मेलेल्याला ताप कसा आला, हा विषय नाही होत?’’

सर ताठ बसले. मग आत वळून म्हणाले, ‘‘शालू, चहा टाक. आणि माझी तार कुठंय?’’

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. शाल, श्रीफळ, विभागप्रमुखांचं कौतुकाचं भाषण, आणि मग सर बोलायला उठले. ‘‘चार दिवसांपूर्वीपर्यंत माझ्याकडं एक मोठा शोध होता,’’ ते म्हणाले. ‘‘तो खोटा निघाला. माझ्याच दिव्यानं माझंच पाणी तापत होतं. आता माझ्याकडं फक्त एक चूक आहे, पण चांगल्या प्रतीची आहे. पत्रकार बंधूंनी उपाशी जाऊ नये, बाहेर नाश्ता आहे.’’ विभागप्रमुखांचा चेहरा कुठल्याही तारेशिवाय मोजण्यासारखा झाला होता.

तबस्सुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी नंतर टोकलं, तेव्हा म्हणाले, ‘‘साहेबांचा राग आत्ता सगळा माझ्याकडं आहे. असू द्या. मी उद्यापासून येणार नाय, तिला इथंच राहायचंय.’’

येणार नाय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सामानाच्या खोलीत एक स्टूल घेऊन हजर. ॲसिटोनच्या बाटल्या आणि फुटक्या चंचुपात्रांच्या मध्ये सरांनी संसार मांडला. तबस्सुमचं काम पहिल्यापासून सुरू झालं. लेझर मंद करत करत मोजत जायचं, आणि दिवा अजिबात नसता तर आकडा किती आला असता ते आलेखावरून काढायचं. सर म्हणायचे, ‘‘अंधारात काय आहे ते उजेडाला न विचारता ठरवायचंय, मजा आहे.’’ पुढं पाणी जवळजवळ पीत नाही असा दुसऱ्या जातीचा लेझर ओळखीतून मिळाला, आणि त्याच्यासाठी मला नवे कण शिजवावे लागले. पहिली खेप करपली. सर नाकाला रुमाल लावून दिवसभर बसले.

सिल्लोडची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या दिवशी तबस्सुम आली आणि सरळ कामाला लागली. सरांनी डब्यातली भाकरी अर्धी तोडून तिच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतःचं मोजमाप चालू ठेवलं. तिनं ती खाल्ली.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. मार्गदर्शकांनी मध्ये बोलायचं नसतं, हा नियम मी सरांना सकाळपासून बजावत होते. सर शेवटच्या रांगेत बसले आणि तोंडाला आवर म्हणून हातात कागदी कप घेतला. परीक्षक सज्जन होते, पण खवचट. म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांच्या कष्टांनंतर तुम्ही सांगताय की पेशीजवळची ऊब पाण्याएवढीच आहे?’’

‘‘फरक असेल सर,’’ तबस्सुम म्हणाली, ‘‘पण आमच्या साधनाला दिसेल एवढा नाही.’’

‘‘आणि उद्या दुसऱ्या कुणाला चार अंश दिसले तर?’’

‘‘तर मी विचारेन, सर, मेलेलं मोजलंत का?’’

परीक्षक हसले. मागं सरांच्या हातात कागदी कपाची पार गोळी झाली होती.

पदवी जाहीर झाली. बाहेर व्हरांड्यात तबस्सुमचे वडील पेढ्यांचा खोका धरून उभे होते. आत इंग्रजी चालतं म्हणून ते आत आलेच नव्हते. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

‘‘साहेब, तुमची मेहेरबानी. आता एवढं सांगा. सिल्लोडला गेलो की बाजारात सगळे विचारतील. पोरीनं शोधलं काय?’’

सर म्हणाले, ‘‘माझी चूक.’’

‘‘जी?’’

‘‘माझी चूक शोधली तिनं. लई मोठी होती. मला दिसत नव्हती. तिनं पकडली.’’

शेख साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मुलीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, आणि खोका काखेत मारून हात जोडले. ‘‘माफ करा साहेब. घरात अशी नाही हो ती. मोठ्यांचा लिहाज ठेवते. चुकून झालं असेल.’’

‘‘चुकून नाय झालं! मुद्दाम केलं. पुन्हा पुन्हा तपासून केलं.’’

‘‘मी समजावतो तिला.’’

‘‘अब्बा!’’ तबस्सुम ओरडली.

‘‘चूप! पहले सर की माफी माँग.’’

सरांना हसू आवरेना. ते पायरीवर बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. मग उठून त्यांनी शेख साहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना कँटीनकडं घेऊन निघाले. ‘‘असं समजा, तुमच्या आडतीवर काटा आहे, आणि पोतं वजन करताना...’’ एवढं मला ऐकू आलं. पुढचं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन ते वैजापूरला गेले. एक हात वर, एक हात खाली, काट्याची पारडी झालेले सर जीव तोडून समजावतायत, आणि शेख साहेब अदबीनं मान हलवतायत, न पटलेला माणूस हलवतो तशी. वळणावर थांबून त्यांनी खोका उघडला आणि सरांच्या तोंडात एक अख्खा पेढा घातला. सर तो पेढा तोंडात तसाच धरून बोलत राहिले.